अंगावरून गेलेलं वारं : वोनजिन रेयॉनचं प्रकरण

चाळिशीतल्या माणसाचा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, तर आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. डॉक्टर अर्धांगवायू म्हणतात, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, तंबाखू-दारूची चौकशी करतात आणि गोळ्या लिहून देतात. १९८० च्या दशकात दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या पूर्वेला, नामयांगजूच्या परिसरात, अशी वारं गेलेली माणसं दवाखान्यांत येत होती. कुणाची जीभ जड, कुणाच्या तळपायाची आग, कुणाला मूत्रपिंडाचा त्रास. कुणी घरात विनाकारण चिडायचा, रात्र रात्र जागायचा, शेजाऱ्यांना वाटायचं डोक्यावर परिणाम झालाय. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, दवाखाना वेगळा, म्हणून निदानही वेगळं. सारखी होती ती एकच गोष्ट, आणि ती केसपेपरवर लिहायची पद्धत नव्हती. ही सगळी माणसं वोनजिन रेयॉन नावाच्या एकाच कारखान्यात कामाला होती, किंवा तिथून घरी बसलेली होती.

वोनजिन हा दक्षिण कोरियातला व्हिस्कोस रेयॉनचा एकमेव कारखाना. १९६६ च्या अखेरीस सुरू झाला, १९९३ मध्ये बंद पडला. तिथल्या ९०० हून अधिक कामगारांना कार्बन डायसल्फाइडची विषबाधा झाल्याचं पुढे अधिकृतपणे मान्य झालं. एका कारखान्यात, एका रसायनाने, इतके लोक. व्यवसायजन्य आजारांच्या इतिहासात इतकं ठसठशीत प्रकरण शोधावं लागतं. माझ्या मते त्यातली खरी बोच आकड्यात नाही. या कारखान्यात जे घडलं त्यातलं काहीही नवीन नव्हतं, ही खरी बोच. या विषाची माहिती कारखान्यापेक्षा शंभर वर्षांहून जुनी होती. कारखान्यात बसवलेली यंत्रंही जुनीच होती. यंत्रं देशांच्या सीमा ओलांडून आली आणि माहिती मागे राहिली.

धागा कसा बनतो

दुकानात 'व्हिस्कोस' किंवा 'रेयॉन' अशी चिठ्ठी लावलेली कुर्ती आपण हातात घेतो तेव्हा ते कापड सुती वाटतं, पण त्याला रेशमासारखी झुळझुळ असते. कारण मूळ माल झाडाचाच आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात, चुरा करतात आणि काही काळ मुरवतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. लगद्यातलं सेल्युलोज एरवी कशात विरघळत नाही. या रसायनाशी संयोग झाला की त्याचा नारिंगी रंगाचा चुरा होतो, आणि तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळून मधासारखा घट्ट द्रव तयार होतो. हेच व्हिस्कोस. हा द्रव बारीक भोकांच्या जाळीतून सल्फ्युरिक ॲसिडच्या हौदात सोडला की त्याचं पुन्हा सेल्युलोज होतं, या वेळी धाग्याच्या रूपात. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं.

कार्बन डायसल्फाइड यात फक्त वाटाड्याचं काम करतं. सेल्युलोजला विरघळवायचं आणि शेवटी सोडून द्यायचं. तयार धाग्यात ते राहत नाही, म्हणून कुर्ती घालणाऱ्याला काही होत नाही. पण ते जातं कुठे? ॲसिडच्या हौदावर ते पुन्हा वायू होऊन बाहेर पडतं, सोबत हायड्रोजन सल्फाइडही. म्हणजे सगळा हिशेब कताई खात्यात चुकता होतो. हा द्रव ४६ अंश सेल्सियसला उकळतो, आपल्या विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारच्या तापमानाला. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर निघून न जाता माणसांच्या भोवती रेंगाळते.

कताईच्या यंत्राला काचेच्या खिडक्या असतात आणि आतली हवा ओढून घेणारे पंखे असतात. कागदावर सगळं बंदिस्त. पण धागा तुटतो. धागा तुटला की कामगार खिडकी उघडतो, वाकून हात आत घालतो, टोक शोधतो आणि पुन्हा ओवतो. फिरत्या भांड्यात गोळा झालेला ओल्या धाग्याचा गोल गठ्ठा, ज्याला या धंद्यात सगळीकडे 'केक' म्हणतात, तो हातानेच काढावा लागतो, आणि त्यातूनही वायू निघतच असतो. जितका धागा तुटेल तितक्या वेळा खिडकी उघडणार. यंत्र जुनं झालं की धागा जास्त तुटतो, झडपा नीट बसत नाहीत, पंख्यांची ओढ कमी होते. जुनं यंत्र आणि विषारी हवा यांचा संबंध इतका साधा आहे. खात्यात एकदा मोजलेल्या सरासरी आकड्यात तो दिसत नाही, कारण कामगार सरासरी हवेत श्वास घेत नाही. तो खिडकीत वाकलेला असताना श्वास घेतो.

हायड्रोजन सल्फाइडचा त्रास लगेच कळतो. सडक्या अंड्याचा वास येतो, डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही. जगभरच्या रेयॉन कामगारांना हे डोळे येणं ठाऊक आहे. कार्बन डायसल्फाइड लबाड आहे. ते रोज थोडं थोडं आत जातं आणि वर्षानुवर्षं काही बोलत नाही.

आधीच ठाऊक असलेलं

हे रसायन आधी रबराच्या धंद्यात आलं. पातळ रबर न तापवता टिकाऊ करायला ते लागायचं. पॅरिसमध्ये फुगे आणि निरोध बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतले कामगार ऑग्युस्त देलपेश या डॉक्टरने तपासले आणि १८५६ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. डोकेदुखी, विस्मरण, संताप, हातापायातली शक्ती जाणं, नपुंसकत्व आणि वेड. इंग्लंडमधल्या थॉमस ऑलिव्हर या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवलंय की रबर कारखान्यात या खात्याच्या खिडक्यांना लोखंडी गज बसवले होते. चोरांसाठी नाही. वायूने भ्रमिष्ट झालेला कामगार खाली उडी मारेल म्हणून. मालकाने गज बसवले, म्हणजे त्याला काय होतंय ते कळत होतं. यापेक्षा बोलका पुरावा मला या विषयात दुसरा सापडलेला नाही.

रबरानंतर रेयॉन आलं आणि तोच आजार इटलीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, जपानमध्ये दिसू लागला. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रेयॉन कामगारांची पाहणी घडवून आणली. त्यात मज्जातंतूंचे आणि मनाचे विकार भरपूर निघाले.

पण तोवर सगळ्यांचं लक्ष मेंदूवर आणि नसांवर होतं. या कामगारांच्या मृत्यूंकडे नीट पाहिलं गेलं ते १९६८ मध्ये. टिलर, शिलिंग आणि मॉरिस या तिघांनी ब्रिटनमधल्या वेल्सच्या फ्लिंटशर भागातल्या रेयॉन कामगारांचे मृत्युदाखले तपासले. व्हिस्कोस खात्यांत काम केलेल्यांच्या मृत्यूंपैकी ४२ टक्के हृदयविकाराने झालेले होते, आणि हे प्रमाण त्याच भागातल्या इतर पुरुषांपेक्षा खूपच जास्त होतं. हृदयविकार म्हणजे चरबी, धूम्रपान आणि बैठं काम, असं त्या काळी मानलं जात होतं. इथे उभ्याने राबणारी माणसं मरत होती. यातले शिलिंग म्हणजे सूतगिरणी कामगारांच्या बायसिनोसिस या फुप्फुसांच्या आजाराच्या पायऱ्या ठरवून देणारे तेच. कापडधंद्यात माणूस कशाने मरतो, हे त्यांच्याइतकं कमी लोकांनी पाहिलं असेल.

त्याच सुमारास फिनलंडमध्ये हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पक्कं काम हाती घेतलं. एका रेयॉन कारखान्यातले ३४३ कामगार निवडले आणि तुलनेसाठी एका कागद कारखान्यातले तितकेच, ३४३. १९६७ पासून दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. तुलनेला कागदवालेच का घेतले, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कारखान्यात भरती होणारा माणूस मुळात धडधाकट असतो. अंथरुणाला खिळलेला, अपंग, जुनाट आजारी माणूस भरतीला येतच नाही. त्यामुळे कामगारांच्या मृत्यूचं प्रमाण साऱ्या जनतेशी ताडून पाहिलं, तर कामगार लोकांपेक्षा ठणठणीत दिसतात आणि मालक म्हणतो, बघा, आमच्याकडे सगळं छान आहे. एका धडधाकट गटाची तुलना दुसऱ्या धडधाकट गटाशीच व्हायला हवी. तशी ती केल्यावर पहिल्या ५ वर्षांत हृदयविकाराचे मृत्यू दिसले ते असे : कागद कारखान्यातले ३, रेयॉनमधले १४.

फिनलंडची गोष्ट इथे थांबली असती तर तो आणखी एक दुःखद आकडा झाला असता. १९७२ मध्ये त्यांनी हवेतल्या वायूची मर्यादा दशलक्ष भागांत २० वरून १० वर आणली आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या कामगारांना त्या खात्यातून हलवलं. पंधरा वर्षांच्या पाहणीच्या शेवटच्या ८ वर्षांत दोन्ही गटांमधला फरक मिटला होता. म्हणजे हे मृत्यू थांबवता येण्यासारखे होते, आणि कसे थांबवायचे तेही १९७० च्या दशकातच दिसलं होतं. वोनजिनमध्ये तेव्हा पाळ्या सुरूच होत्या.

ओत्सूहून नामयांगजूला

वोनजिनची यंत्रं जपानमधून आली. बिवा सरोवराच्या काठी ओत्सू शहर आहे. तिथल्या टोयो रेयॉन कंपनीच्या शिगा कारखान्यातली ती वापरलेली यंत्रं होती. टोयो रेयॉन म्हणजे आजची टोरे. कंपनीचं आजचं नावही त्या जुन्या नावातूनच आलं. नायलॉन आणि पॉलिस्टरचे दिवस आले तसं कंपनीने व्हिस्कोसमधून अंग काढून घेतलं. जपानला या विषाची चांगली ओळख झाली होती, तिथल्या डॉक्टरांनी त्यावर भरपूर अभ्यासही केला. इकडे कोरिया युद्धातून सावरत होता, परकीय चलन हवं होतं, कारखाने हवे होते. १९६० च्या दशकात हा सौदा झाला.

वापरलेली यंत्रं घेण्यात गैर काही नाही. आपल्या इचलकरंजीत कितीतरी माग बाहेरदेशात वापरून झालेले येतात आणि त्यांच्यावर इथे संसार उभे राहतात. घेणारा माग चालवून पाहतो, मोटार पाहतो, सुटे भाग मिळतात का ते विचारतो. आधी या मागावर कोण काम करत होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. सौद्यात तसा रकानाच नसतो.

कोरियात कारखान्याची मालकी फिरत राहिली. कंपनी बुडाली, धनको बँकांच्या हाती गेली, १९७६ मध्ये तिला वोनजिन हे नाव मिळालं आणि पुढे सरकारी कोरिया डेव्हलपमेंट बँक तिचा कारभार पाहू लागली. ज्या यंत्रावर पैसा घालायचा त्यावर कुणी घातला नाही, कारण जो मालक असेल तो तात्पुरता असे. देशात लष्करी राजवट होती, खऱ्याखुऱ्या युनियनला जागा नव्हती. पगार बरा मिळायचा. आणि हजेरीपटावर एक विचित्र गोष्ट घडत होती : जो आजारी पडे तो नोकरी सोडे. म्हणजे कारखान्यात कधीही जा, मस्टरवर धडधाकट माणसंच दिसणार. आजारी माणूस गावी निघून गेलेला असायचा, किंवा सोलच्या एखाद्या खोलीत बायकोच्या कमाईवर पडून असायचा. मघाशी ज्या फसव्या तुलनेविषयी लिहिलं, ती इथे आपोआप तयार होत होती.

विषबाधेचा पहिला रुग्ण १९८१ मध्ये मान्य झाला. एका रुग्णावर काही थांबलं नाही. १९८७ मध्ये काही माजी कामगारांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे अर्ज केला. या वर्षाला महत्त्व आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लोकशाहीसाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले होते आणि त्यामागोमाग देशभर कामगारांचे संप झाले होते. बोलायची सोय नुकतीच होत होती.

१९८८ चा उन्हाळा

त्या वर्षी २ जुलैला सोलमध्ये १५ वर्षांचा एक मुलगा पाऱ्याच्या विषबाधेने वारला. थर्मामीटर बनवणाऱ्या कारखान्यात तो आदल्या हिवाळ्यात लागला होता, काही आठवड्यांत आजारी पडला होता. त्याच्या मृत्यूने शहर हादरलं आणि 'कामामुळे आजार' हे शब्द वर्तमानपत्रांत आले. तीनच आठवड्यांनी 'हान्ग्योरे' या दैनिकाने वोनजिनची बातमी छापली. हे दैनिक तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं, सामान्य लोकांनी घेतलेल्या भागांच्या पैशांवर निघालेलं. जुन्या, बड्या वर्तमानपत्रांच्या आधी हे प्रकरण त्याने धसाला लावलं, यात मला योगायोग वाटत नाही.

त्यानंतर वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेली माणसं एकमेकांना शोधू लागली. रुग्णांच्या कुटुंबीयांनी संघटना केली. कामगार वस्त्यांत छोटे दवाखाने चालवणारे तरुण डॉक्टर त्यांच्या मदतीला आले. आणि मग या कुटुंबांनी एक विलक्षण हत्यार उपसलं. सप्टेंबरात सोलचं ऑलिंपिक होतं. मशाल कारखान्याजवळच्या रस्त्याने जाणार होती. ती आम्ही अडवू, असं त्यांनी जाहीर केलं. चाकाच्या खुर्चीतले रुग्ण आणि त्यांच्या बायका ऑलिंपिकच्या मशालीसमोर, हे चित्र साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढे सरकारला नको होतं. १७ सप्टेंबरला खेळांचं उद्घाटन होतं. त्याच्या काही दिवस आधी तडजोड झाली.

तडजोडीतला एक भाग पैशांइतकाच मोलाचा होता. कुणाला आजार आहे आणि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या समितीत दोन्ही बाजूंनी नेमलेले डॉक्टर असतील, असं ठरलं. एरवी कंपनीचा किंवा सरकारचा डॉक्टर म्हणेल ती पूर्व दिशा असते.

पुरावा कुठे सापडला

निदानाचा प्रश्न खरोखर अवघड होता, आणि तो पूर्णपणे बेइमानीतून आलेला नव्हता, हेही सांगायला हवं. अर्धांगवायू रक्तदाबानेही होतो, हातापायाची जळजळ मधुमेहानेही होते. कार्बन डायसल्फाइड शरीरातून लवकर निघून जातं. दहा वर्षांपूर्वी काम सोडलेल्या माणसाच्या रक्तात किंवा लघवीत शोधून काही मिळत नाही. विष निघून जातं, त्याने केलेली नासधूस तेवढी राहते : मज्जातंतूंच्या लांब तारा सुजतात आणि टोकाकडून मरत जातात, मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात. आतून दिसायला हे अकाली आलेल्या म्हातारपणासारखंच.

इथे डोळा कामी आला. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता उघड्या पाहायच्या तर एकच जागा आहे, डोळ्याचा मागचा पडदा. या रुग्णांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांना टाचणीच्या टोकाएवढे फुगे आलेले असत. मधुमेहात असे फुगे येतात, पण मधुमेह नसलेल्या माणसात ते दिसले तर प्रश्न पडायलाच हवा. जपानी संशोधकांनी आपल्या रेयॉन कामगारांत हे आधीच पाहिलं होतं. गंमत अशी की फिनलंडच्या कामगारांत हे फुगे फारसे सापडले नाहीत, तिथे हृदयावर घाला पडत होता, आणि जपानी कामगारांत हृदयविकार तितका वाढलेला नव्हता. विष एक, कारखान्याची रीत एक, पण कुठल्या देशातल्या माणसाची कुठली वाहिनी आधी हार मानेल ते वेगळं. फक्त युरोपातला शोधनिबंध वाचलेला डॉक्टर वोनजिनच्या रुग्णाचं हृदय तपासून म्हणाला असता, ठीक आहे. म्हणून जपानमधली माहिती सर्वांत जास्त उपयोगाची होती, आणि नेमकी तीच यंत्रांसोबत यायला हवी होती.

पुढे कोरियाच्या सरकारने निकष बदलले. ठरावीक काळ या वायूत काम केलेलं असेल आणि डोळ्याच्या पडद्यावर ते फुगे, मेंदूत अनेक ठिकाणी रक्तपुरवठा बंद पडल्याच्या खुणा किंवा मूत्रपिंडातले विशिष्ट बदल यांतलं एखादं सापडलं तर आजार मान्य. इतर लक्षणं असतील तर एकापेक्षा जास्त हवीत. वाचायला हे रुक्ष वाटतं. पण 'हा आजार तुमच्या कामामुळेच झाला हे तुम्हीच सिद्ध करा' हे ओझं यामुळे आजारी माणसाच्या पाठीवरून बरंच उतरलं.

निकष आपोआप बदलले नाहीत. १९९१ च्या जानेवारीत एक माजी कामगार वारला. तो व्हिस्कोसचा द्रव तयार करणाऱ्या खात्यात होता. कंपनीच्या लेखी ते खातं 'धोक्याचं' नव्हतं, त्यामुळे त्याच्या अर्जाला लागणारा कागद अडकून पडला होता. कताई धोक्याची, पण ज्या खात्यात लगद्यावर कार्बन डायसल्फाइड सोडलं जातं आणि त्याचा द्रव होतो ते धोक्याचं नाही, हा तर्क कुणाच्या डोक्यातून निघाला असेल देव जाणे. कुटुंबाने आणि सोबतच्या कामगारांनी अंत्यविधी करायला नकार दिला. शवपेटी कारखान्याच्या दाराशी आणली. १३७ दिवस ते लढले. हिवाळा संपून मे महिना उजाडला, तेव्हा कुठे त्याला निरोप देण्यात आला. कोरियात मेलेल्या माणसाचे विधी वेळेवर होणं किती महत्त्वाचं मानतात, हे ठाऊक असलेल्यालाच त्या घराने काय सोसलं ते कळेल. आपल्यालाही ते समजावून सांगायला नको.

कारखाना गेला, रुग्ण वाढले

१९९३ मध्ये वोनजिन बंद झाला. बंद होण्याचं कारण विषच होतं असं म्हणणं सोपं आहे, पण तोवर हा धंदा तोट्यात गेलेला होता, यंत्रं मोडकळीला आली होती आणि भरपाईचा बोजा वाढतच होता. आता कामगारांपुढे दुहेरी पेच आला. नोकरी गेली, आणि उद्या आजार उघडा पडला तर दाद कुणाकडे मागायची? कंपनीच नाही. हा पेच महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागू नये. गिरणगावातल्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा कार्डिंग खात्यात छातीत कापसाची धूळ भरून घेतलेली माणसं अशीच रिकाम्या हातांनी कोकणात आणि घाटावर गेली. त्यांतल्या किती जणांच्या दम्याला गिरणीचं नाव लागलं?

वोनजिनच्या कामगारांनी या पेचावर जे उत्तर काढलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्यांनी फक्त एकरकमी भरपाई मागितली नाही. आजार अजून बाहेर यायचाय, तो वीस वर्षांनीही येईल, तेव्हा पैसा टिकणाऱ्या संस्थेत घाला, असं ते म्हणाले. त्यातून निधी आणि प्रतिष्ठान उभं राहिलं. १९९९ मध्ये गुरी शहरात 'वोनजिन ग्रीन हॉस्पिटल' सुरू झालं, २००३ मध्ये सोलच्या म्योनमोक भागात मोठं 'ग्रीन हॉस्पिटल'. सोबत कामाशी संबंधित आजारांवर संशोधन करणारी संस्था. आज तिथे फक्त रेयॉनवाले येत नाहीत. इतर कारखान्यांतले, इतर विषांचे रुग्णही येतात.

त्यांचा अंदाज खरा ठरला. ९०० हून अधिक मान्य रुग्णांपैकी मोठा भाग कारखाना बंद झाल्यानंतर पुढे आला. रक्तवाहिन्यांना लागलेली कीड कारखान्याला कुलूप लागलं म्हणून थांबत नाही. ज्या जमिनीवर कारखाना होता तिथे आता निवासी इमारती आहेत.

आपल्याकडेही व्हिस्कोस बनत आलंय. केरळात पेरुंबावूरला, मध्य प्रदेशात नागद्याला, आणि अगदी जवळ, कल्याणपलीकडे शहाडला आणि मोहोन्याला. मध्य रेल्वेच्या कसारा लाइनला रोज प्रवास करणाऱ्यांना ही नावं स्टेशनांइतकीच परिचयाची असतील. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कार्बन बायसल्फाइडची, म्हणजे कार्बन डायसल्फाइडचीच, विषबाधा नोंदवलेली होती. म्हणजे कारखान्यातल्या माणसाला ती झाल्याचं दिसलं, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणं त्या कायद्याने बंधनकारक होतं. कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात असलेल्या, किंवा कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या एखाद्या तरुण डॉक्टरच्या वाचनात हे आलं, तर एवढीच विनंती : मधुमेह नसलेल्या, पन्नाशीच्या आतल्या, वारं गेलेल्या माणसाच्या केसपेपरवर त्याने कुठल्या कारखान्यात, कुठल्या खात्यात, किती वर्षं काढली ते लिहा. नोकरी सुटली असेल तरी लिहा. आणि डोळ्याचा पडदा एकदा पाहून घ्या.

राहिली यंत्रं. कारखाना बंद पडल्यावर ती भंगारात काढून टाका, असं रुग्णांचं आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. या यंत्रांनी काय केलं हे आता एका देशाला नाही, दोन देशांना माहीत होतं. चीनच्या ल्याओनिंग प्रांतात यालू नदीकाठी दानदोंग शहर आहे. नदीच्या पलीकडच्या तीरावर उत्तर कोरियाचं शिनुइजू दिसतं. तिथल्या एका रासायनिक धाग्याच्या कारखान्याला यंत्रं हवी होती. १९९४ मध्ये ओत्सूची ती यंत्रं नामयांगजूहून सुटी करून पुन्हा बांधली गेली, आणि तिकडे रवाना झाली.